दुर्बीणबाईंचा शेवटचा मोसम

त्यांना क्लबात तोंडावर सगळे मॅडम म्हणायचे आणि पाठीमागे दुर्बीण. हे नाव कोणी पाडलं ते कधी कळलं नाही, पण ते आपल्याला आहे हे बाईंना पक्कं ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं. फुटबॉलच्या धंद्यात तीसेक वर्षं काढायची आणि वर कोणी आपल्याला भोळी म्हणायचं, त्यापेक्षा दुर्बीण बरी.

सुरुवात तिकिटाच्या खिडकीपासून झाली. लग्न नुकतंच झालेलं, नवरा शाळेत भूगोल शिकवायचा, आणि क्लबाला खिडकीवर बसायला माणूस हवं होतं. खिडकी कसली, भिंतीला पाडलेलं भोक. त्यातून हात तेवढे दिसायचे. बाईंनी हातांवरून माणसं ओळखायला शिकून घेतलं. फाटकावर फाडलेली अर्धी तिकिटं एका पोत्यात जमा व्हायची. ती पुढे रद्दीत जात. बाई सामना संपल्यावर त्यातली मूठभर उचलायच्या आणि दिव्यासमोर धरायच्या. कोणी सांगितलं नव्हतं, सवयच ती. एकदा काही तिकिटांची शाई बोटाला लागली. शोध घेतला तर खोटी तिकिटं छापणारा फाटकावरच्याच माणसाचा मेहुणा निघाला.

तेव्हाच्या मालकांनी त्यांना वर बोलावलं. "तुम्हाला संशय कसा आला?" त्यांनी विचारलं.

"संशय आधीपासून होताच," बाई म्हणाल्या. "पुरावा काल मिळाला."

मालक हसले आणि त्या आठवड्यात बाईंची खुर्ची वरच्या मजल्यावर गेली. तिथून ती सरकत सरकत कोपऱ्यातल्या मोठ्या खोलीपर्यंत पोचली. आधी वार्ताहरांचे पास, मग संघाचा प्रवास आणि हॉटेलं, मग मैदानाभोवतीच्या जाहिरातींच्या फळ्या, मग खेळाडूंचे करार, आणि शेवटी सगळाच कारभार. खोलीची एक खिडकी थेट मैदानावर उघडायची. प्रेक्षक पाय आपटायला लागले की टेबलावरचा पेला टिकटिक करत सरकायचा.

करार करताना बाईंची कीर्ती लांबवर होती. खेळाडूचा दलाल हवापाण्याविषयी फार बोलायला लागला की त्या समजायच्या, गुडघ्यात काहीतरी आहे. नवा खेळाडू हात पुढे करायचा तेव्हा त्या हसून हात द्यायच्या आणि नजर खाली, त्याच्या बुटांकडे. एका बुटाची टाच जास्त झिजलेली दिसली की बोलणी तिथेच थांबायची आणि खालच्या मजल्यावरून डॉक्टरांना बोलावणं जायचं.

डॉक्टर म्हणजे संघाचे डॉक्टर. बाई वरच्या मजल्यावर आल्या त्याच वर्षी ते क्लबात आले. वयाने थोडे मोठे. अख्ख्या इमारतीत बाईंना "अगं, तू" म्हणणारा तो एकच माणूस. त्यांच्या खोलीत कायम मलमाचा उग्र वास असायचा. बाईंचं डोकं दुखलं की त्या तिथे जाऊन तपासायच्या टेबलावर पाय सोडून बसायच्या, आणि डॉक्टर गोळी न देता चहा द्यायचे.

घरात बाईंनी एक नियम घातला होता. उंबऱ्याच्या आत क्लबाचा विषय काढायचा नाही. त्याला कारण होतं. त्यांचे धाकटे दीर वर्तमानपत्रात क्रीडा वार्ताहर होते आणि दर रविवारी दुपारी जेवायला यायचे. माणूस गोड, जेवणाचा शौकीन, वहिनीला मानणारा. पण बाईंनी त्यांच्यापुढे कधी आपल्या सेंटर फॉरवर्डला सर्दी झाली हेसुद्धा सांगितलं नाही. दीर विचारायचे, "वहिनी, यंदा संघ कसा आहे?" बाई म्हणायच्या, "अकरा जण आहेत, भावजी." नवरा हसायचा आणि फळं कापायला घ्यायचा. अशी कितीतरी वर्षं गेली.

मोठे मालक वारले आणि क्लब त्यांच्या मुलाकडे आला. या धाकट्या मालकांना बाईंनी लहानपणी याच इमारतीच्या जिन्यात घसरगुंडी करताना पाहिलं होतं. आता ते चाळिशीचे, हळू आवाजात बोलणारे, आपली कॉफी घरून फ्लास्कमधून आणणारे. खोलीचं दार ते स्वतः उठून लावायचे. "मॅडम, तुम्ही तर आमच्या घरच्या," असं ते चारचौघांत म्हणायचे, आणि बाईंना ते खरंही वाटायचं. पुढच्या वर्षी बाई निवृत्त व्हायच्या होत्या. हा शेवटचा मोसम.

आणि नेमक्या त्याच मोसमात बातम्या फुटायला लागल्या.

पहिली बातमी सेंटर फॉरवर्डची. क्लब त्याला विकायच्या विचारात आहे, असं सामन्याच्या आदल्या दिवशी छापून आलं. बातमी खरी होती, पण ती चार-पाच जणांच्या पलीकडे कोणाला ठाऊक नव्हती. दुसऱ्या दिवशी पोरगं मैदानात उतरलं तेव्हा आपल्याच प्रेक्षकांनी त्याची हुर्यो उडवली आणि त्याने समोरचं जाळं रिकामं असताना चेंडू बाहेर मारला. पुढे प्रशिक्षकाचं आणि कर्णधाराचं कपडे बदलायच्या खोलीत झालेलं भांडण छापून आलं, शब्दन् शब्द. मग सरावाच्या मैदानाची देखभाल कशी कमी केली, ते. दर वेळी स्टँडमधली माणसं थोडी कमी झालेली दिसायची. आणि दर वेळी बातमीखाली नाव एकाच माणसाचं, बाईंच्या दिराचं.

धाकट्या मालकांनी बोलावून घेतलं. दार लावलं. फ्लास्कमधून स्वतःच्या हाताने कॉफी ओतून दिली.

"मॅडम, आपल्यात कोणीतरी फितूर आहे," ते म्हणाले. "तुम्हीच शोधू शकता. माझा दुसऱ्या कोणावर भरवसा नाही."

दिराचा उल्लेखही त्यांनी केला नाही. हा त्यांचा मोठेपणा, असं बाईंना वाटलं, आणि म्हणूनच त्यांना आणखी लाज वाटली.

त्या रविवारी त्यांनी आयुष्यात पहिल्यांदा स्वतःचा नियम मोडला. जेवणं झाल्यावर नवरा आत गेला तेव्हा त्यांनी दिरांना गाठलं.

"भावजी, कोण सांगतं तुम्हाला?"

दीर हात पुसत होते. ते थांबले. "वहिनी, ते मी संपादकांनाही सांगत नाही."

"मला नाव नको. एवढंच सांगा, माणूस या घरातला आहे का?"

दिरांनी टॉवेलची घडी करून ठेवली. "तेवढंसुद्धा नाही सांगणार," ते म्हणाले. "आज नाही म्हटलं तर उद्या तुम्ही दुसऱ्याचं नाव घेऊन विचाराल. असं एकेकाला वगळत तुम्ही बरोबर जाऊन पोचाल. मी ओळखतो तुम्हाला."

उत्तर सचोटीचं होतं, पण बाईंच्या डोक्यात भलताच भुंगा शिरला. 'नाही' म्हणायला याचं काय जात होतं? त्या घरभर नजर फिरवायला लागल्या. टेलिफोनवर बोलताना आपण दार ओढून घेतो का? कागद टेबलावर राहतात का? नवरा सकाळी फिरायला जातो तो कोणत्या बाजूला? दोघा भावांचं शाळेपासून गूळपीठ. एकाने सहज म्हणून बोलावं आणि दुसऱ्याने सहज म्हणून छापावं. नवऱ्याच्या पाठीकडे बघत त्या असला विचार करायच्या आणि तो वळला की पेपर तोंडापुढे धरायच्या.

शेवटी त्यांनी फास लावायचं ठरवलं. संशय तिघांवर होता: प्रशिक्षक, डॉक्टर आणि नवरा. तिघांना तीन वेगवेगळ्या खोट्या बातम्या सांगायच्या आणि कोणती छापून येते ते बघत बसायचं. प्रशिक्षकाला त्यांनी सांगितलं, एक परदेशी बचावपटू आणतोय. डॉक्टरांच्या खोलीत जाऊन, नेहमीसारख्या टेबलावर पाय सोडून बसून म्हणाल्या, "कर्णधाराला मोसम संपायच्या आतच सोडतोय. त्याच्या गुडघ्याचा अहवाल तयार ठेवा." डॉक्टरांनी भुवया वर केल्या, पण काही विचारलं नाही. चहा दिला. आणि नवऱ्याला बाईंनी नाश्त्याच्या वेळी, ब्रेडला लोणी लावता लावता सांगितलं की ज्याला सगळे खांब म्हणायचे तो जुना गोलरक्षक क्लबात परत येतोय.

"अस्सं," नवरा म्हणाला, आणि लोण्याचा डबा मागितला.

आठवडा गेला. मग एका सकाळी पेपरात ठळक आलं: कर्णधाराला विकणार, अहवाल मागवला.

बाई खाली गेल्या तेव्हा डॉक्टर एका खेळाडूच्या घोट्याला पट्टी बांधत होते. बाईंनी खेळाडूला बाहेर जायला सांगितलं, दार लावलं आणि पेपर टेबलावर टाकला.

"हे मी फक्त तुम्हाला सांगितलं होतं, डॉक्टर."

डॉक्टरांनी चष्मा लावून वाचलं. "मी मालकांना बोललो होतो," ते म्हणाले. "ते खाली आले होते पाठ दाखवायला. कर्णधाराचं कसं काय, म्हणाले. मी म्हटलं, विकताय ना, अहवाल करतोच आहे. मालकांना क्लबाची गोष्ट सांगणं म्हणजे फितुरी का?"

बाई वर गेल्या. धाकट्या मालकांनी ऐकून घेतलं आणि हसले. "पाठ? माझी पाठ ठणठणीत आहे, मॅडम. मला डॉक्टर भेटलेच नाहीत या आठवड्यात." मग दुःखी आवाजात, "वय झालं की माणसं अशी का होतात, कोण जाणे."

दोन माणसं दोन गोष्टी सांगत होती. त्यातला एक जण बाईंच्या यादीत होता, दुसरा कधी यादीत आलाच नव्हता. दुपारपर्यंत डॉक्टरांना घरी बसवल्याचा हुकूम निघाला.

डॉक्टरांनी सामान फार घेतलं नाही. एक पिशवी, त्यात चहाची भांडी. बाई दारात उभ्या होत्या, कारण असं काम दुसऱ्याकडून करवून घेणं त्यांना पटत नसे.

"कर्णधार विकायची गोष्ट खोटी होती ना?" डॉक्टरांनी विचारलं.

बाईंनी पिशवीतल्या चहाच्या भांड्यांकडे पाहिलं.

"मला नुसतं विचारायचं होतंस."

"विचारलं असतं तर खरं सांगितलं असतंत?"

"सांगितलं असतं. पण तुला ते पटलं नसतं, म्हणून तर तू विचारलं नाहीस." ते पिशवी उचलून जिना उतरून गेले. खालच्या खोलीतला मलमाचा वास त्या दिवशी वरपर्यंत येत होता असं बाईंना वाटलं. त्यांनी खिडकी उघडून ठेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी नवरा संत्रं सोलत बसला होता. सालीचा एकच लांब पट्टा काढायची त्याला सवय होती. तो म्हणाला, "फितूर सापडला म्हणे."

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"पेपरात आलंय. मी वाचतो पेपर." पट्टा संपला. त्याने तो टेबलावर नीट ठेवला. "तो खांब परत येतोय म्हणालीस ना तू? तो महिन्यापूर्वी आमच्या शाळेत येऊन गेला. पोहणं शिकवायची जागा रिकामी आहे का, विचारत होता. पोट सुटलंय चांगलं. त्याला गोलात उभा केला तर गोल होणार नाही हे खरं, पण तो आता खेळत नाही."

बाईंचा हात कपावर थांबला.

"तेव्हाच समजलो," नवरा म्हणाला, "की ही मला बातमी सांगत नाहीये, गळ टाकतेय. एकदा वाटलं, गंमत म्हणून भावाला सांगावंच. मग म्हटलं नको, ही आपल्याला घरातून बडतर्फ करेल."

तो हसला, पण एकटाच. मग हसू आवरून म्हणाला, "पहिल्या दिवसापासून तुझ्या कामाचं एक अक्षर विचारलं नाही मी. मला वाटायचं, तुला ते आवडतं. तू त्यावरूनही माझा संशय घेशील हे डोक्यात आलं नाही."

"अहो, तसं नाही—"

"या रविवारी भाऊ येणार नाही. मीच नको म्हटलंय. जेवताना तुला माणसांवर पाळत ठेवायला लागू नये." त्याने संत्र्याच्या फोडी दोन बश्यांत सारख्या वाटल्या, एक बशी बाईंपुढे सरकवली आणि आपली घेऊन आतल्या खोलीत गेला.

घरात भांडण असं झालंच नाही. बोलणं तेवढं मोजकं झालं. दूध आलं का, दिवा घालवला का, एवढंच. बाईंना वाटायचं, क्लबातला गुंता एकदाचा सुटला आहे, घरातला हळूहळू सुटेल.

मग एक दिवस धाकट्या मालकांनी त्यांना पुन्हा बोलावलं. दोघांचे मोबाईल बाहेर ठेवायला लावले, दार लावलं. त्यांच्या मनात पूर्वेकडचा स्टँड बंद करायचं होतं. हा सगळ्यात जुना, उभ्याने बघायचा स्टँड. ज्यांचे बापही तिथेच उभे राहिले अशी माणसं तिथे यायची. बाईंनी कडाडून विरोध केला. "तो स्टँड बंद केलात तर उरलेले येतील ते फक्त जाहिरातींच्या फळ्या वाचायला," त्या म्हणाल्या. मालकांनी मान डोलावली. "ठीक आहे, विचार करू. हे आपल्या दोघांतच राहू द्या."

चार दिवसांनी पेपरात आलं: पूर्व स्टँडला टाळं लागणार. त्याखाली एक ओळ होती: क्लबाच्या एका ज्येष्ठ महिला अधिकाऱ्याचा आग्रह.

ज्येष्ठ महिला अधिकारी क्लबात एकच होती. त्या दिवशी फाटकापाशी लोक जमले होते. बाईंची गाडी आत शिरताना एका म्हाताऱ्याने काचेवर हात आपटला. त्याचा हात बाई ओळखत होत्या. तिकिटाच्या खिडकीतून तो त्यांनी वर्षानुवर्षं पाहिला होता.

खोलीत पाऊल टाकलं तोच टेलिफोन वाजला. धाकटे मालक होते. आवाज मधासारखा. "मॅडम, मनाला लावून घेऊ नका. घरात बोलता बोलता निघून गेलं असेल एखादं वाक्य. मी समजू शकतो. शेवटी दीर म्हणजे घरचाच माणूस."

बाईंनी बरं म्हणून टेलिफोन ठेवला आणि उभ्याच राहिल्या. दीर घरात आले नव्हते त्याला महिना होत आला होता. नवऱ्याशी दुधाखेरीज बोलणं नव्हतं. डॉक्टर गेले होते. दाराच्या आत दोनच माणसं होती, आणि त्यातली एक आपण.

खिडकीतून मैदान दिसत होतं. गवत मधूनमधून पिवळं पडलेलं. आयुष्यभर त्यांनी सगळ्यांवर संशय घेतला होता: दलाल, वार्ताहर, खेळाडू, खेळाडूंचे काका, हॉटेलांचे मॅनेजर, आणि आता तर कुंकवाच्या धन्यावरसुद्धा. एकाच खुर्चीवर घेतला नव्हता, कारण त्या खुर्चीवरचा माणूस त्यांना अजून जिन्यात घसरगुंडी करणारा मुलगा वाटत होता. डॉक्टर खरं बोलले होते. पाठ दाखवायला मालक खाली गेले होते.

पण का? आपल्याच क्लबाची बेअब्रू करून मालकाला काय मिळणार? ते मात्र त्यांना उमगेना. मग जाहिरातींच्या फळ्या आठवल्या. गेल्या महिन्यात मालक म्हणाले होते, फळ्यांचे करार या मोसमापुरतेच करा, पुढचं पुढे बघू. तेव्हा बाईंनी ते सावधपणा म्हणून सोडून दिलं होतं.

त्यांनी एका माणसाला टेलिफोन लावला, ज्याच्या शब्दावर त्यांनी कधीच विश्वास ठेवला नव्हता. दूरच्या एका मोठ्या शहरातल्या प्रतिस्पर्धी क्लबाचा हा व्यवस्थापक. खेळाडूंच्या देवघेवीत वीस वर्षं दोघांनी एकमेकांना फसवलं होतं, तेही अगदी आदराने. इतका गोड बोलायचा की बाईंनी त्याचं नाव मधाची बाटली ठेवलं होतं. मैत्रीचा एखादा सामना ठेवावा का, असं निमित्त काढून बाईंनी त्याला बोलतं केलं.

"आता कसला मैत्रीचा सामना, मॅडम," बाटली म्हणाली. "तुम्ही तर आराम करणार. तुमची खुर्ची मला मिळतेय, एवढं मात्र मनापासून सांगतो, तुमच्यासारखा कारभार मला जमायचा नाही. बरं झालं, ती खुर्ची इकडेच आणून ठेवणार आहेत. या वयात शहर बदलायचं माझ्या जिवावर आलं असतं."

बाई काही बोलल्या नाहीत. समोरचा बोलत असला की गप्प बसायचं, हे त्यांचं जुनं हत्यार. बाटली सांडत गेली. त्यांच्या शहरात नवं मैदान तयार होतंय. पण त्यांचा स्वतःचा क्लब हल्ली खालच्या गटात, आणि मैदानाला वरच्या गटात खेळणारा संघ हवा. तो बाईंचा क्लब. नाव, खेळाडू, सगळं उचलून तिकडे न्यायचं. परवानगी देणाऱ्या समितीला दाखवायचं की जुन्या शहरात आता या संघाला कोणी विचारत नाही, स्टँड ओस पडलेत.

"तुम्हाला माहीत होतं ना?" बाटलीने मध्येच विचारलं. आवाज बदलला होता.

"होतं तर."

"नव्हतं," बाटली म्हणाली. "वीस वर्षं तुमच्याशी खोटं बोललो, कधी अडचण आली नाही. आज एकदा खरं बोललो तर हे असं."

त्या दिवशी बाई लवकर घरी आल्या. नवरा मुलांच्या वह्या तपासत होता. नकाशात नद्या भलतीकडे वळवल्या होत्या पोरांनी, आणि तो लाल पेनाने त्या जागेवर आणत होता. बाई समोरच्या खुर्चीत बसल्या आणि सगळं सांगितलं, तिकिटांपासून बाटलीपर्यंत. डॉक्टरांचं त्यांनी सगळ्यात शेवटी सांगितलं. तेवढ्यापुरतं नवऱ्याने पेनाला टोपण लावलं.

"हे मला का सांगतेयस?" त्याने विचारलं. "की हाही गळ?"

"नाही."

त्याने त्यांच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, बाई दलालांकडे पाहायच्या तसं. "मी कसं ओळखू?"

"ओळखता यायचं नाही," बाई म्हणाल्या. "भावजींना रविवारी बोलवा. त्यांच्यासमोर पुन्हा सांगते."

दीर आले ते अवघडूनच. पानं उचलल्यावर बाई म्हणाल्या, "भावजी, यंदा संघ कसा आहे म्हणून विचारता ना दर वेळी? बसा. आज सांगते."

दिरांचा हात खिशातल्या पेनाकडे गेला आणि मध्येच थांबला. "लिहू?"

"लिहा. माझ्या नावानिशी लिहा."

त्यांनी लिहून घेतलं. संपल्यावर बराच वेळ पेन बोटांत फिरवत राहिले. "वहिनी, मला आधी कोण सांगत होतं, ते मी अजूनही सांगणार नाही."

"नका सांगू."

"बातम्या खऱ्या होत्या. मी फक्त एवढंच बघितलं. त्या मला इतक्या सोप्या का मिळतायत, हे विचारायला हवं होतं." ते उठले. "मधाच्या बाटलीलाही विचारीन. त्याने नाकारलं नाही तर छापतो."

बाटलीने छापू नका म्हणून खूप गळ घातली, पण बातमी खोटी आहे असं काही म्हणाली नाही.

बातमी आली त्या दुपारीच बाईंना काढून टाकलं. मालक भेटले नाहीत, हुकूम तेवढा आला. दोन दिवस मालकांनी सगळं धादांत खोटं म्हणून सांगितलं. तिसऱ्या दिवशी सामना होता. पूर्वेकडचा स्टँड असा भरला की माणसं कठड्यावर बसली. मैदानाची जागा नगरपालिकेची. नगरसेवकांना अचानक आपलं फुटबॉलचं वेड आठवलं आणि जो तो ठराव मांडायला लागला. समितीने परवानगी लांबणीवर टाकली. दूरच्या शहरातली गिऱ्हाइकं वाट बघून कंटाळली आणि दुसऱ्या संघामागे लागली. वर्षाअखेर धाकट्या मालकांनी क्लब शहरातल्याच काही व्यापाऱ्यांना विकला आणि ते निघून गेले. पण तोवर सेंटर फॉरवर्ड गेला होता, कर्णधार खरोखरच गेला होता, आणि संघ घसरून खालच्या गटात पडला. अजून तिथेच आहे. काही लोक त्याचं खापर बाईंवर फोडतात. बातमी गुपचूप ठेवली असती तर निदान वरच्या गटात तरी असतो, असं म्हणतात. वरच्या गटात, पण दुसऱ्याच शहरात, हे त्यांच्या ध्यानात येत नाही.

डॉक्टरांच्या घरी बाई मधल्या काळात एकदा गेल्या होत्या. डॉक्टर दारात आले. बाईंनी काय घडलं ते सांगितलं, आपण काय केलं तेही. डॉक्टरांनी ऐकून घेतलं, आत बोलावलं, बसायला खुर्ची दिली. "तुम्ही चहा घेणार का?" त्यांनी विचारलं.

तुम्ही. बाईंना आधी वाटलं, चुकून निघालं. पण ते शेवटपर्यंत तसंच बोलत राहिले, कुठेही आवाज न चढवता. नव्या व्यापाऱ्यांनी त्यांना परत बोलावलं. आठवड्यातून दोनदा ते क्लबात येतात. बाई भेटल्या की थांबतात, तब्येतीची चौकशी करतात, "तुम्ही कशा आहात?" म्हणतात. ते "तू" काही पुन्हा आलं नाही. बाई त्याची वाट बघायच्या. आता बघत नाहीत.

व्यापाऱ्यांनी बाईंनाही विचारलं होतं, सल्लागार म्हणून या. बाईंनी त्यांना इतके प्रश्न विचारले की त्यांनीच पुन्हा विचारलं नाही.

संघ बाहेरगावी खेळायला जातो तेव्हा पाठीराख्यांची एक बस जाते. बाई आणि त्यांचा नवरा त्या बसने जातात. त्याला फुटबॉलचं अजून फारसं कळत नाही. तो खिडकीशी बसतो आणि बाहेर दिसणाऱ्या टेकड्यांची आणि ओढ्यांची नावं सांगत राहतो. त्यातली निम्मी तो जागच्या जागी ठोकून देतो, असा बाईंचा दाट संशय आहे. त्या मान हलवतात आणि ऐकून घेतात.